उजेडातला एक टक्का

आधी एक चमचा आण. स्टीलचा, जुना, आजी ओरडणार नाही असा. हं, आता तो समईच्या ज्योतीत, पिवळ्या भागात, दोन क्षण धर आणि बाहेर काढ. काय दिसतंय? काळं. बोट लावू नकोस, भाजेल. ह्याला आपण काजळी म्हणतो, आणि दिव्याने टाकलेली ही घाण आहे असंच सगळे समजतात. ज्यांनी लहानपणी रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसली, त्यांचा तर तिच्यावर कायमचा राग. मीही त्यातलाच. पण खरी गंमत अशी आहे की ह्या समईचा उजेड म्हणजे ती काजळीच आहे.

वातीतून तेल वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. ज्योतीच्या पोटात हवा पुरेशी पोचत नाही, म्हणून तिथे सगळं तेल एकदम जळून जात नाही. त्यातला कार्बन बारीक कणांच्या रूपात सुटा होतो. हे कण हजार अंशांच्याही वर तापतात, आणि इतका तापलेला कुठलाही घन पदार्थ उजळतोच. लोहाराच्या भात्यापाशी लोखंड लाल होताना तू पाहिलंयस, त्यामागचं कारणही हेच. कण वर सरकत ज्योतीच्या कडेला आले की त्यांना हवा मिळते, ते जळून जातात, आणि आपल्याला ते कधी होते हे कळतही नाही. तू मध्येच थंड चमचा घातलास, त्यामुळे ते जळण्याआधीच गार होऊन त्यावर बसले.

विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरात चल. गॅसची ज्योत निळी असते, कारण बर्नरमध्ये आधीच हवा मिसळलेली असते आणि काजळी धरायला वेळच मिळत नाही. त्या निळ्या ज्योतीवर पाच मिनिटांत चहा होतो, पण तिच्या उजेडात तुला पुस्तकातली एक ओळ वाचता येणार नाही. उलट बर्नर तुंबला की ज्योत पिवळी होते, पातेल्याचं बूड काळं होतं, आजीची चिडचिड होते, आणि स्वयंपाकघर मात्र थोडं उजळतं. मायकेल फॅरेडे नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं व्हायची, त्यात त्यांनी १८६० च्या सुमारास फक्त मेणबत्ती ह्या एकाच विषयावर सहा व्याख्यानं दिली. मेणबत्तीवर सहा! आणि तरी विषय संपला असं वाटत नाही.

पण हा उजेड महाग पडतो. एक मेणबत्ती जळताना साधारण ८० वॉट उष्णता देते, आणि उजेड किती? बारा-तेरा ल्यूमेन. ल्यूमेन म्हणजे डोळ्याला जाणवणारा उजेड मोजायचं माप. वॉट म्हणजे खर्च आणि ल्यूमेन म्हणजे मिळकत, एवढं लक्षात ठेव, पुढे लागेल. आपल्याकडे करंजाचं, जवसाचं, एरंडाचं तेल जळायचं. मग रॉकेल आलं. इग्नाट्सी लुकासिएविच नावाच्या औषधविक्रेत्याने १८५३ साली लव्हीव शहरात रॉकेलचा दिवा तयार केला, आणि तिथल्या इस्पितळात एक शस्त्रक्रिया त्या उजेडात झाली. रॉकेल स्वस्त होतं, वातीतून झरझर चढत होतं. पण कंदील असो की चिमणी, आत चाललेलं काम तेच: काजळी तापवायची आणि तिच्या उजेडात बसायचं.

आता मी तुला गॅसबत्तीची गोष्ट सांगतो. ती माझ्या आवडीची आहे, त्यामुळे थोडी लांबेल.

गावात लग्न असलं की संध्याकाळी मांडवात गॅसबत्त्या यायच्या. खाली पितळेची टाकी, तिच्यात रॉकेल, वर काच, आणि आत टांगलेलं मेंटल. पेटवणारा माणूस आधी स्पिरिट पेटवून नळी तापवायचा, मग पंप मारायचा. भस्स करून आवाज व्हायचा, मेंटल फुगायचं आणि अख्खा मांडव पांढरा व्हायचा. पण मेंटल नवं असलं की आम्ही मुलं आधीच जाऊन बसायचो. ते म्हणजे कापडाची छोटी पिशवी. ती बांधायची आणि तिला सरळ काडी लावायची! कापड जळून जायचं आणि उरायची ती राखेची पांढरी जाळी. तिला कुणी बोट लावलं, बत्ती जरा आपटली किंवा एखादं पाखरू जाऊन धडकलं तरी ती भुस्स. मग मांडवात अंधार, आणि पेटवणाऱ्याच्या तोंडी असे शब्द की तुला ते सांगता येणार नाहीत.

ही राख होती कसली? कापड जळाल्यावर जी राख उरते ती इतकी उजळत कशी? हे डोकं कार्ल आउअर फॉन वेल्सबाख ह्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचं. जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन ह्यांच्या हाताखाली तो शिकला होता. तेच, ज्यांच्या नावाचा बर्नर शाळेच्या प्रयोगशाळेत असतो. वेल्सबाखला विरळा मृदा म्हणवणाऱ्या धातूंचा नाद होता. त्याने कापड त्या धातूंच्या क्षारांत बुडवलं, वाळवलं आणि जाळलं. कापड गेलं, पण धातूंची ऑक्साइडं जाळीच्या आकारातच उरली. आता निळी, गरम, काजळी नसलेली ज्योत त्या जाळीखाली ठेवली की उजळण्याचं काम जाळी करणार. काजळीची गरजच संपली. १८८५ साली त्याने पेटंट घेतलं, पण ती पहिली मेंटलं हिरवट उजेड द्यायची आणि पटकन तुटायची. धंदा बसला. गडी मात्र बसला नाही. १८९१ मध्ये त्याने नवं मिश्रण काढलं: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सीरियम ऑक्साइड.

हा एक टक्का नीट ऐक. नुसतं थोरियम घेतलं तर जाळी भयंकर तापते, टिकतेही, पण उजेड जेमतेम. नुसतं सीरियम घेतलं तर ती आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांत उधळून टाकते आणि पुरेशी तापतच नाही. पण थोरियममध्ये चिमूटभर सीरियम टाकलं की थोरियम तापमान धरून ठेवतं आणि सीरियम उजेड देतं. चिमूट वाढवली तरी उजेड कमी, घटवली तरी कमी. वेल्सबाखने हे प्रमाण हिशेबाने नाही, करून करून शोधलं.

आणि हे थोरियम आपल्या देशाशी जोडलेलं आहे, बरं का. केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची जड वाळू आहे, तिच्यात थोरियमही आहे आणि सीरियमही. स्वातंत्र्यानंतर, १९५५ साली, आपल्या मुंबईत ट्रॉम्बेला त्या वाळूतल्या थोरियमवर प्रक्रिया करणारा कारखाना सुरू झाला. अणुऊर्जेचा विचार त्यामागे होताच, पण तिथलं थोरियम नायट्रेट मेंटल करणाऱ्यांकडेही जायचं. म्हणजे मांडवातली ती जाळी किंचित किरणोत्सारी होती! आम्ही ती हातात घेऊन खेळलो. पुढे परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनी थोरियमच्या जागी यिट्रियम वापरायला सुरुवात केली. सीरियम आणि यिट्रियम ही दोन नावं विसरू नकोस. ती पुन्हा भेटणार आहेत, आणि जिथे भेटतील ती जागा तुझ्या डोक्यावरच आहे.

बल्बकडे येऊ. एडिसनने बल्ब शोधला हे तुला शाळेत सांगितलंय. त्याच काळात इंग्लंडात न्यूकॅसलला जोसेफ स्वान हेच करत होता आणि त्यालाही ते जमलं होतं, हे बहुधा सांगितलं नसेल. दोघांनी कशाचा दिवा केला? परत कार्बनचा! काजळीला ज्योतीतून काढून काचेत कोंडलं, एवढंच. हवा असली तर कार्बन जळून जाईल, म्हणून काचेतली हवा काढली, आणि ज्योतीऐवजी विजेने तापवलं. एडिसनचा शिवणाचा दोरा, जाळून कोळसा केलेला, १८७९ च्या ऑक्टोबरात तेरा-चौदा तास टिकला. त्यापुढे त्याने शेकडो वनस्पतींचे धागे जाळून पाहिले, आणि शेवटी जपानात क्योटोजवळच्या बांबूचा धागा हजार तासांहून जास्त टिकला. पुढे कितीतरी वर्षं पाश्चात्त्य घरांत जपानी बांबू उजळत होता. जपान पुन्हा येईल गोष्टीत, थांब.

कार्बनची खोड अशी की तो हळूहळू उडून काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि बल्ब काळा पडतो. काजळी शेवटी काजळीच. मग टंगस्टन आलं. सगळ्या धातूंत उशिरा वितळणारं, ३४२२ अंश सेल्सिअसला. पण ते इतकं ठिसूळ की तार ओढता येईना. अमेरिकेत विल्यम कूलिज ह्यांनी १९१० च्या आसपास ते लवचीक करायची युक्ती काढली, तीनेक वर्षांत अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी काचेत निष्क्रिय वायू भरला, आणि आपला साठ वॉटचा पिवळा बल्ब तयार झाला. आत दिसते ती तार गुंडाळलेली असते, आणि ती गुंडाळीही पुन्हा गुंडाळलेली. सरळ केली तर हातभराहून लांब भरेल.

आणि इथे माणूस एका भिंतीवर जाऊन आदळला. ही भिंत कारागिराच्या हाताची नव्हती, निसर्गाची होती. तापलेली वस्तू किती उजेड देते आणि किती नुसती उष्णता, हे तिच्या तापमानावर ठरतं. बल्बची तार अडीच हजार अंशांच्या घरात तापते. तिथे निघणाऱ्या किरणांपैकी बहुतेक डोळ्याला दिसतच नाहीत, त्यांची नुसती धग लागते. शंभरातले पाच भाग दिसतात, कधी तेवढेही नाहीत. जास्त उजेड हवा तर आणखी तापव! सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांना आहे, म्हणून त्याच्या तेजाचा चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा आपल्याला दिसतो. पण तितक्या तापमानाला टंगस्टनसुद्धा केव्हाच पाणी झालेलं असतं. म्हणजे तापवून उजेड मिळवायचा हा जो रस्ता समईपासून सुरू झाला, तो इथे संपला. त्यात चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जाळलेल्या कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतून वीज होते पस्तीसेक भाग. त्यातले पाच टक्के उजेड. हिशेब कर. दोन भागसुद्धा नाहीत. बाकीचा कोळसा आपण भिंती आणि माश्या तापवायला जाळला.

जाता जाता सांगतो. ही तापलेली वस्तू नेमकी कशी उजळते हे मोजायचं काम बर्लिनच्या एका सरकारी प्रयोगशाळेत काटेकोरपणे झालं, आणि त्यामागे दिव्यांच्या धंद्याची गरजही होती: कुठला दिवा किती चांगला हे ठरवायला प्रमाण हवं होतं. ते आकडे कुठल्याच सूत्रात बसेनात. १९०० साली माक्स प्लांक ह्यांनी ते बसवले, पण त्यासाठी ऊर्जा ठरावीक तुकड्यांतूनच दिली-घेतली जाते असं मानावं लागलं. पुंज सिद्धांताचा पाया घातला गेला तो असा. म्हणून बल्बला मी नुसता उधळ्या म्हणत नाही, त्याने आपल्याला पुष्कळ शिकवलंय.

तापवल्याशिवाय उजेड निघतो का, असं विचारशील, तर उत्तर सह्याद्रीत आहे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना, भंडारदऱ्याच्या, पुरुषवाडीच्या, राजमाचीच्या झाडांवर काजवे भरतात. काजव्याला तू हातावर घेतलास तर चटका बसत नाही. त्याच्या पोटाशी ल्यूसिफेरिन नावाचं रसायन असतं. त्याचा प्राणवायूशी संयोग होतो, ल्यूसिफरेज नावाचं विकर तो घडवून आणतं, आणि जो रेणू तयार होतो तो ऊर्जेने फुगलेला असतो. ती ऊर्जा तो उष्णता म्हणून न टाकता थेट प्रकाशाचा कण म्हणून टाकतो. पूर्वी पुस्तकांत असं छापलेलं असायचं की शंभर रेणूंपैकी अठ्ठ्याऐंशी रेणू प्रकाश देतात. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पुन्हा नीट मोजलं तेव्हा एक्केचाळीस निघाले. आकडा घसरला म्हणून काजव्याची पत घसरत नाही. नर काजवा मादीला बोलावायला हे करतो, आणि त्याचा पिवळा-हिरवा रंग माणसाच्या डोळ्याला सर्वांत ठळक दिसणाऱ्या रंगाच्या अगदी शेजारी आहे. आपल्यासाठी नाही हो त्याने तो निवडला!

माणसालाही असा थंड उजेड जमला, पण अर्धामुर्धा. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची थोडीशी वाफ असते. विजेचे इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आदळतात आणि ते अतिनील किरण टाकतात, जे आपल्याला दिसत नाहीत. नळीच्या आतून पांढरी भुकटी लावलेली असते, ती हे किरण गिळते आणि दिसणारा उजेड देते. अमेरिकेत १९३८ मध्ये ट्यूब बाजारात आली. आपल्या घरात ती आली तेव्हा चोक गुणगुणायचा, स्टार्टर टकटक करायचा, आणि ट्यूब पेटेपर्यंत माणूस दोनदा बटण बंद-चालू करायचा. चाळीस वॉटला सुमारे २४०० ल्यूमेन मिळायचे, साठच्या बल्बला सातशेच्या आसपास. त्याच ट्यूबला पिळून, चोक लहान करून सीएफएल केला. त्याच्याबद्दल मला फार बोलायचं नाही. वीज वाचायची हे खरं, पण फुटला की पारा घरात, आणि उजेड असा की माणसं आजारी दिसायची. तसाही ह्या सगळ्यांत एक मूळचा तोटा होताच: अतिनील कणात जितकी ऊर्जा असते, तिच्यातली निम्म्याच्या आसपास दिसणारा कण बनताना वाया जाते. ही पळवाट होती, रस्ता नव्हे.

रस्ता दुसऱ्याच ठिकाणी होता, आणि तो १९०७ मध्येच कुणाला तरी दिसला होता. मार्कोनींच्या कंपनीतले हेन्री राउंड कार्बोरंडमच्या स्फटिकावर रेडिओचे प्रयोग करत होते. हे कार्बोरंडम म्हणजे धार लावायच्या दगडात असतं तेच. त्यातून वीज नेली तर तो पिवळसर उजळला. त्यांनी एका नियतकालिकाला छोटीशी टीप पाठवली आणि ते कामाला लागले. रशियात ओलेग लोसेव ह्या तरुणाने १९२० च्या दशकात त्याचा खरा पाठपुरावा केला, ह्या उजेडाला तापमान लागत नाही हे ओळखलं. लेनिनग्राडच्या वेढ्यात १९४२ साली तो उपासमारीने गेला. त्याच्यानंतर बराच काळ कुणी विचारलं नाही.

हा उजेड निघतो कसा ते सांगतो. समज, आपल्या घरातल्यासारखा माळा आहे आणि खाली जमीन. माळ्यावर मुलं बसली आहेत, खाली मोकळ्या जागा आहेत. अर्धवाहक स्फटिकात इलेक्ट्रॉन असे वरच्या पातळीवर असतात आणि खालच्या पातळीवर रिकाम्या जागा असतात. विजेने त्यांना एकत्र आणलं की इलेक्ट्रॉन उडी मारतो, आणि त्या उडीत जी ऊर्जा सुटते तोच प्रकाशाचा कण. माळा बुटका असला तर कण लाल, उंच असला तर निळा. माळ्याची उंची स्फटिक कशाचा आहे त्यावर ठरते. बस. तार तापवायची नाही, वाफ नाही, काजळी नाही. एकदा हे कळलं की ट्यूब पेटायला वेळ लागत नाही.

असा विजेने उजळणारा स्फटिक म्हणजेच एलईडी. लाल एलईडी १९६२ मध्ये निक होलोन्याक ह्यांनी केला. रेडिओवरचे, टीव्हीवरचे लाल ठिपके तेच. हिरवाही आला. पण पांढरा उजेड करायचा तर निळा पाहिजे, आणि निळ्याचा माळा उंच. त्याला योग्य पदार्थ म्हणजे गॅलियम नायट्राइड. आणि गॅलियम नायट्राइड म्हणजे छळ. त्याचा स्फटिक वाढवायला बुडाशी दुसरा स्फटिक लागतो, तो कृत्रिम नीलमाचा घेतला तर दोघांच्या अणूंतली अंतरं जुळत नाहीत, थर तडकतो. मोठमोठ्या कंपन्यांनी हात टेकले होते. नागोया विद्यापीठात इसामू आकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी आमानो तेवढे चिकटून राहिले. एकदा आमानोंची भट्टी नीट तापत नव्हती. एवढ्या कमी उष्णतेत काय करता येईल ह्या विचारात त्यांनी नीलमावर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर कमी तापमानाला बसवला आणि त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं. १९८६ मध्ये पहिल्यांदा आरशासारखा स्वच्छ थर मिळाला. तीन वर्षांनी दुसरी गाठ सुटली. उडी मारायला खाली रिकाम्या जागा लागतात, त्यासाठी मॅग्नेशियम मिसळतात, पण ते काही केल्या काम करेना. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहताना तो जास्त उजळू लागला, आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने मॅग्नेशियम कामाला लागतं हे त्यांना कळलं. का लागतं ते मात्र कळलं नाही.

ते कळवलं शुजी नाकामुरांनी. शिकोकू बेटावर आनान नावाचं छोटं गाव, तिथे निचिया नावाची कंपनी, आणि ती करायची काय? ट्यूबलाइटच्या आतली ती पांढरी भुकटी! नाकामुरा तिथे नोकरीला. मालक नोबुओ ओगावा म्हातारे, पण धाडसी. त्यांनी ह्या माणसावर तीसेक लाख डॉलर लावले. मालक बदलल्यावर काम थांबवायचा हुकूम आला तेव्हा नाकामुरांनी तो कागद बाजूला ठेवून दिला, असं ते स्वतः सांगतात. हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसतो, आणि नुसतं तापवलं तरी तो निघून जातो, हे त्यांनी दाखवलं. १९९३ च्या शेवटी निचियाने लखलखीत निळा एलईडी जाहीर केला. नाकामुरांना कंपनीने बक्षीस दिलं वीस हजार येन. कोर्टकचेरी झाली आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनांवर मिटली. २०१४ साली तिघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला विचारशील तर त्या बक्षिसात ओगावांच्या हिमतीचाही थोडा हिस्सा धरायला हवा होता, पण नोबेलला तशी सोय नाही.

निळ्यावरून पांढरा कसा झाला? इथे तुला सांगितलेली दोन नावं परत येतात. १९९६ मध्ये निचियाने निळ्या एलईडीवर एक पिवळी भुकटी लावली. यिट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा स्फटिक, आणि त्यात अगदी थोडं सीरियम. निळ्या उजेडाचा काही भाग भुकटी गिळते आणि पिवळा परत देते, काही तसाच पार होतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. मांडवातल्या जाळीत जे उजेड द्यायचं, तेच सीरियम, तसंच चिमूटभर, दुसऱ्या धातूंच्या घरात पाहुणं. फरक इतकाच की आता त्याला तापवावं लागत नाही. वेल्सबाखला हे दाखवता आलं असतं तर तो काय म्हणाला असता कोण जाणे. त्या गृहस्थाने १९०३ मध्ये लोखंड आणि सीरियमच्या मिश्रणाचा ठिणगी उडवणारा खडाही काढला होता. पानपट्टीवर मिळणाऱ्या लायटरच्या चाकाखालचा खडा तोच.

नऊ वॉटचा एलईडी बल्ब आज सुमारे नऊशे ल्यूमेन देतो. एका युनिट विजेत साठ वॉटचा बल्ब सोळा-सतरा तास चालायचा, हा एकशे अकरा तास चालतो. पण हा आपल्या घरात आला तो विज्ञानामुळे जेवढा, तेवढाच बाजारहाटामुळे. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बला ३१० रुपये मोजावे लागत होते. २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना सुरू झाली, घाऊक निविदा निघाल्या, आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांपर्यंत आला. वीजबिल भरायच्या केंद्राबाहेर बल्बांसाठी रांगा लागल्या होत्या. त्या योजनेत देशभरात छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले.

स्वस्त झालं की माणूस हात आखडत नाही. पूर्वी एका बल्बवर चालणाऱ्या ओसरीवर आता चार लागतात, गच्चीवर माळ लागते, देवळाच्या कळसावर रात्रभर झोत राहतो. काजवे बघायला जाणारे लोक गाडीच्या दिव्यांचा आणि मोबाइलच्या बॅटरीचा झोत पाडतात, आणि त्या पांढऱ्या उजेडात बिचाऱ्या मादीला नर दिसत नाही. काजव्यांकडून घेण्यासारखं अजूनही आहे, म्हणून त्यांना जरा सांभाळावं. २०१३ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी एका काजव्याच्या पोटावरच्या खवल्यांची कंगोरेदार रचना पाहिली. उजेड आतल्या आत परतून अडकू नये म्हणून ते खवले तिरपे असतात. तीच रचना एलईडीवर उतरवली तर बाहेर पडणारा उजेड निम्म्याहून जास्त वाढला.

आता तो परवा गेलेला बल्ब घे, कपाटावर ठेवलाय. होल्डरमध्ये नाही ना? मग ठीक. वरची पांढरी टोपी मी काढतो, तू आत काय आहे ते बघ. पांढरं असेल असं वाटलं होतं, होय ना? पिवळे चौकोनी ठिपके आहेत. तो पिवळा म्हणजे ती भुकटी. निळा एलईडी तिच्या खाली झाकलेला आहे. मागच्या धातूच्या थाळीला हात लावून बघ, जाड आहे. एलईडी कमी तापतो, पण तापतो, आणि ती उष्णता काढून नेली नाही तर लवकर मरतो. म्हणून ही थाळी. खालच्या खोबणीत बारीक सर्किट आहे, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तिकडे बोट न्यायचं नाही. भिंतीतली वीज दर सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, ती ह्या ठिपक्यांना सोसेल अशी करून देणं हे त्याचं काम.

ठिपके एकामागे एक जोडलेले आहेत, पहिल्यातून वीज दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. म्हणजे एक जरी जळला तरी सगळे अंधारात, बाकीचे धडधाकट असूनही. माझा चष्मा लाव हवं तर, आणि एकेक तपासून बघ. एखाद्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग दिसला तर तोच गेलेला. आणि सगळेच पिवळेधमक असले, तर दोष ठिपक्यांचा नाही, ड्रायव्हरचा. बहुतेक वेळा तोच आधी मरतो.